माहिती आहे, पण सापडत नाही

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाचे नाव किती तऱ्हांनी लिहिले जाते पाहा. धारूर, धारुर, किल्ले धारूर, किल्लेधारूर. कोणी 'रू' दीर्घ काढतो, कोणी ऱ्हस्व. पोस्टमन यातले कोणतेही नाव वाचून पत्र बरोबर पोचवतो. वेबसाइटवरच्या साध्या शोधचौकटीला ते जमत नाही. तिच्या लेखी धारूर आणि धारुर ही दोन निराळी गावे. टाइप करणाऱ्याने जो उकार दिला तोच शोधणाऱ्यानेही दिला, तर कागद निघतो. नाही तर 'कोणतीही नोंद आढळली नाही' असे उत्तर पडद्यावर येते. नोंद असते. ती त्या माणसाला मिळत नाही, एवढेच.

सरकारी कारभाराचा मोठा भाग आता वेबसाइटवर गेला आहे. सातबारा, आठ-अ, फेरफार, पीक विमा, अतिवृष्टीचे अनुदान, शिष्यवृत्ती, रेशन, लाडक्या बहिणीची केवायसी, शेतकऱ्याचा फार्मर आयडी. बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या धारूरसारख्या तालुक्यात यातले एकही काम टाळण्याजोगे नाही. पाऊस कमी पडला किंवा नको तेवढा पडला, की घराचे वर्ष कुठल्या ना कुठल्या यादीवर ठरते. त्यात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला माणसे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. असे हजारो कोयते बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ते हंगाम संपल्यावरच परततात. त्या काळात त्यांचे तहसील कार्यालय म्हणजे उसाच्या फडातला मोबाइल.

सरकारला याची जाणीव नाही असे म्हणता येणार नाही. राज्यात जानेवारी २०२५ मध्ये शंभर दिवसांचा कृती आराखडा जाहीर झाला, तेव्हा सात कलमांतले पहिलेच कलम कार्यालयांच्या संकेतस्थळांचे होते. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाकडून कार्यालयांचे मूल्यमापन झाले, १ मे २०२५ रोजी निकाल लागले, पाठोपाठ दीडशे दिवसांचा ई-प्रशासनाचा कार्यक्रम आला. अनेक कार्यालयांच्या साइट नव्या रूपात दिसू लागल्या. पण साइट देखणी होणे आणि माणसाला हवा तो कागद पटकन मिळणे, ही दोन कामे वेगळी आहेत. पहिले काम डोळ्यांना दिसते, म्हणून आधी होते. दुसऱ्यासाठी आधी एक गोष्ट ठरवावी लागते: ही साइट कोणाच्या डोक्याने चालणार, कार्यालयाच्या की येणाऱ्याच्या?

विहिरीचे उदाहरण घ्या. कोरडवाहू जमिनीच्या मालकाला सरकारी मदतीतून विहीर खोदायची आहे. त्याच्या मनात शब्द एकच, विहीर. तो अनुसूचित जातीचा असेल तर त्याच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. अनुसूचित जमातीचा असेल तर बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना. याखेरीज रोजगार हमीतून विहीर मिळते, तिचे अनुदान २०२२ मध्ये ४ लाख रुपये झाले. पहिल्या दोन योजनांचा अर्ज महाडीबीटीवर, तिसरीची वाट ग्रामपंचायतीतून जाते. खाती वेगळी, साइट वेगळ्या, अटी वेगळ्या. साइट मात्र पहिला प्रश्न विचारते, 'विभाग निवडा'. ज्याला आपली विहीर कोणत्या खात्यात आहे हे आधीच माहीत आहे, त्याला साइटची फारशी गरज नसते. ज्याला गरज आहे, तो पहिल्याच पायरीवर अडतो.

महाडीबीटीने शेतकऱ्यांसाठी 'अर्ज एक, योजना अनेक' ही पद्धत आणली, ते पाऊल योग्य दिशेचे होते. ठिबक, ट्रॅक्टर, अवजारे यांसाठी वेगवेगळ्या टेबलांवर फिरणे त्यामुळे कमी झाले. ती पद्धत कृषी खात्याच्या कुंपणापाशी थांबली. विहिरीच्या एका पानावर तिन्ही योजना, कोणाला कोणती लागू, कागद कोणते, अर्ज कुठे, हे शेजारी शेजारी मांडायला नवा कायदा लागत नाही, नवे सॉफ्टवेअरही लागत नाही. दोन खात्यांना एकत्र बसावे लागते, आणि अडते ते तिथेच.

आता एखादा शासन निर्णय जवळून पाहू. शासनाच्या साइटवर निर्णय विभाग, शीर्षक, तारीख किंवा संकेतांक टाकून शोधता येतो. ही व्यवस्था देशातल्या कित्येक राज्यांना हेवा वाटावा अशी आहे. प्रत्येक निर्णयाच्या शेवटी आकड्यांची लांबलचक ओळ छापलेली असते, तिची सुरुवात तारखेने होते. ओळ हाती असेल तर निर्णय क्षणात उघडतो. पण आकडा हाती येतो तो निर्णय मिळाल्यावर. नसेल तर भिस्त शीर्षकावर. शीर्षक बहुधा विभागाच्या शैलीत: योजनेचे पूर्ण नाव, आर्थिक वर्ष, लेखाशीर्ष, मग 'निधी वितरित करण्यास मान्यता देण्याबाबत'. कामाचा शब्द वाक्याच्या पोटात कुठेतरी दडलेला. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर यादी उघडली तर प्रत्येक ओळीचा आरंभ सारखाच दिसतो आणि जिथे फरक आहे तो भाग कापला जातो. 'विहीर अनुदान: रक्कम ४ लाख, रोजगार हमी' असे शीर्षक द्यायला मंत्रिमंडळाची बैठक बोलवावी लागणार नाही.

जिल्हा आणि तालुका पातळीवर याहून साधा अडथळा असतो. पत्र संगणकावर टाइप होते, छापले जाते, सही-शिक्का होतो, मग ते स्कॅन करून साइटवर चढवले जाते. जे अक्षर होते त्याचे चित्र होऊन जाते. चित्रातला शब्द साधी शोधचौकट वाचत नाही, अंध व्यक्तीचे वाचनयंत्रही वाचत नाही. फाइलचे नाव 'स्कॅन' आणि पुढे चार आकडे. जुने कागद युनिकोडपूर्व फॉन्टांत असतील तर आणखी पंचाईत: 'सुरेख'सारख्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर अगम्य चिन्हांची रांग होतो. भारत सरकारने संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्येच काढली, २०१८ आणि २०२३ मध्ये ती सुधारली. दिव्यांगांना मजकूर वाचता यावा, सरकती पट्टी थांबवता यावी, साइट मोबाइलवर नीट दिसावी, हे सगळे त्यात आहे. तत्त्वे चांगली आहेत. त्यांची आठवण साइटचे कंत्राट देताना होते, रोज संध्याकाळी पाच वाजता परिपत्रक चढवताना होत नाही.

मराठवाड्याने या प्रश्नाची खरी धग २०२३ मध्ये अनुभवली. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. महसुली कागद, खासरा पत्रके, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची प्रवेश रजिस्टरे बाहेर निघाली. मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले. नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या साइटवर आल्या. आरक्षणाबद्दल कोणाचे मत काहीही असो, आपल्या पणजोबाचे नाव सरकारी वहीत आहे का हे घरबसल्या पाहण्याची सोय एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच होत होती.

आणि इथेच 'चढवणे' आणि 'सापडणे' यांतले अंतर कळते. आजचा माणूस आडनावाने शोधतो. जुन्या नोंदीत बऱ्याचदा आडनावच नसते. 'राणू वल्द मारुती' एवढेच असते. वर्ष फसली असते, १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. अंबाजोगाई त्या कागदांत मोमिनाबाद असते. तालुक्यांच्या सीमा आजच्या नसतात. मोडीतल्या पानाचे छायाचित्र नुसते समोर ठेवले तर नातवाला ते पणजोबाचे आहे की शेजाऱ्याचे, हे कसे कळावे? अशा प्रत्येक पानाला सोबत एक ओळ हवी: नाव, बापाचे नाव, तेव्हाचे गाव आणि आताचे गाव, फसली आणि इसवी वर्ष, कागदाचा प्रकार, पान क्रमांक. ही ओळ लिहिणे कंटाळवाणे, वेळखाऊ आणि बिनश्रेयाचे काम आहे. पण ती नसेल तर दप्तराची खोली उघडून देण्यात आणि पीडीएफची यादी चढवण्यात मोठा फरक उरत नाही.

हे काम होऊ शकते याचा पुरावा महसूल खात्याकडेच आहे. महाभूलेखवर सातबारा पाहताना आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव निवडायचे. पुढे गट नंबर माहीत असेल तर गट नंबर टाका. नसेल तर पहिले नाव, मधले नाव किंवा आडनाव टाका. शेतकऱ्याच्या डोक्यात जमिनीचा पत्ता याच क्रमाने असतो. मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबाराही मिळू लागला, त्याची फी १५ रुपये. सर्व्हर बसल्याची तक्रार असेल, पण 'सातबारा कुठे शोधायचा ते कळत नाही' अशी तक्रार फारशी ऐकू येत नाही. कारण मांडणी खात्याच्या शाखांनुसार नाही, गाव आणि नाव यांनुसार आहे.

जिथे अशी मांडणी नाही, तिथली पोकळी दुसरे कोणी भरून काढते. तालुक्याच्या ठिकाणी तहसीलभोवती ऑनलाइन सेंटरांची रांग असते. अनुदानाच्या याद्या लागल्या की तिथे एकच प्रश्न: "व्हीके नंबर आलाय का?" शासनाच्या भाषेत तो विशिष्ट क्रमांक. तो मिळाला की केवायसी आणि केवायसी झाली की पैसे. यादी बऱ्याचदा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, कोणीतरी कागदाचा फोटो काढलेला, कडेची दोन नावे कापलेली. सेंटरवाला पोरगा हुशार असतो. कोणती साइट कोणत्या वेळी चालते, कोणता पर्याय कोणत्या पर्यायाखाली लपला आहे, हे त्याला पाठ असते. त्याच्या कौशल्याबद्दल आदरच वाटावा. पण सरकारी सेवेचा नकाशा एका खासगी माणसाच्या डोक्यात असावा आणि तो पाहायला प्रत्येक वेळी पैसे मोजावे लागावेत, ही व्यवस्था म्हणून लाजिरवाणी गोष्ट आहे.

याचे नुकसान नुसत्या फीचे नाही. एक रुपयातल्या पीक विम्याच्या काळात स्थानिक आपत्तीचे नुकसान ७२ तासांत कळवावे लागे. शेतात पाणी साचलेले, वीज गेलेली आणि सूचना द्यायचे पान कुठे आहे तेच उमगत नाही, अशा माणसाचे तीन दिवस किती लवकर संपत असतील? दुसरा धोका फसवणुकीचा. लाडकी बहीण योजनेची केवायसी २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हा बनावट साइटपासून सावध राहण्याचे इशारे सरकारलाच द्यावे लागले. खरा दरवाजा पटकन दिसला नाही, की खोटा दरवाजा मांडणाऱ्याचे फावते. अधिकृत पत्ता एकच, सोपा आणि सगळीकडे सारखा छापलेला असणे हा सुरक्षेचाही भाग आहे.

सापडण्याची कला मराठीला परकी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोश पुरा केला, तेव्हा त्यात एक स्वतंत्र खंड केवळ सूचीसाठी ठेवला. इतक्या पानांत वाचक हरवेल, हे त्यांनी धरून चालले होते. शंकर गणेश दाते यांनी आयुष्याची वर्षे मराठी ग्रंथसूचीत घातली. मराठी पुस्तकांचा अभ्यास करणारा आजही दाते सूची उघडतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असे सांगतो. तो नियम ग्रंथालयाऐवजी वेबसाइटला लावला तरी त्यातले एक अक्षर बदलावे लागत नाही.

ब्रिटनने हेच सरकारी पातळीवर केले. १७ ऑक्टोबर २०१२ रोजी तिथे सरकारचे एकच संकेतस्थळ सुरू झाले आणि पुढच्या काळात खात्यांच्या व संस्थांच्या शेकडो साइट त्यात विलीन झाल्या. त्यांच्या तत्त्वांतले पहिले: सुरुवात वापरणाऱ्याच्या गरजेपासून. सार्वजनिक सुट्ट्यांचे पान उघडले की सर्वांत वर मोठ्या अक्षरांत पुढची सुट्टी कधी आहे ते दिसते. मंत्र्यांचे छायाचित्र नाही, स्वागताचा संदेश नाही. २०१३ मध्ये या साध्यासुध्या साइटला लंडनच्या डिझाइन म्युझियमने वर्षातल्या सर्वोत्तम डिझाइनचा मान दिला.

बीडमध्ये ब्रिटनची नक्कल नको, पण काही गोष्टी लगेच व्हाव्यात. पहिली, मराठीचा शोध मराठीसारखा असावा. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद शोधापुरता विसरायची सोय ल्युसीनसारख्या मुक्त स्रोत शोधप्रणालीत देवनागरीसाठी आहे; ती वापरली की 'पिक विमा' टाकणाऱ्यालाही 'पीक विमा' दिसतो. दुसरी, नावांची जोडयादी. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर ही नावे शोधात एकमेकांना जोडलेली हवीत, नाही तर नामांतरापूर्वीचा अख्खा कागद हरवेल. तिसरी, सही केलेल्या प्रतीसोबत टाइप केलेला मूळ मजकूरही चढवावा. चौथी, प्रत्येक सूचनेवर मुदतीची तारीख ठळक असावी आणि मुदत संपलेली सूचना खाली जावी. दोन वर्षांपूर्वीच्या भरतीशेजारी 'नवीन' अशी पाटी लुकलुकू नये. पाचवी, साइट बदलली तरी जुन्या दुव्यावरून माणूस नव्या पानावर पोचावा.

यावरचे आक्षेप ठाऊक आहेत. तालुक्याला साइट पाहणारा स्वतंत्र माणूस नसतो. निवडणूक, पंचनामे, दाखले यांतून वेळ काढून कोणी तरी फाइल चढवतो. त्याने शीर्षकाचा विचार कधी करावा? अडचण खरी आहे. म्हणूनच शीर्षक, मुदत, गाव आणि विषय हे रकाने भरल्याशिवाय फाइल चढूच नये, अशी व्यवस्था साइटमध्येच हवी. दोन मिनिटे कारकुनाची जातील आणि हजारो माणसांचे तास वाचतील. दुसरा आक्षेप नवा: आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, व्हॉट्सअ‍ॅपवर 'आपले सरकार' सेवा देण्यासाठी राज्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये मेटा कंपनीशी करारही केला, मग मांडणीची कटकट कशाला? बोलणारे यंत्रही शेवटी याच कागदांतून उत्तर काढणार. त्याच्यापुढे २०१९ चा रद्द झालेला निर्णय आणि २०२५ चा लागू निर्णय सारख्याच दिमाखात ठेवले, तर ते चुकीचे उत्तर अदबीने देईल.

मांडणी बरोबर आहे की नाही हे ओळखायला महागडी संस्था लागत नाही. संगणकतज्ज्ञ याकोब नीलसन यांनी २००० मध्ये दाखवले की पाच माणसांना साइट वापरायला देऊन शांतपणे बघत बसले तरी बहुतेक मोठे दोष उघडे पडतात. धारूर तालुक्यातली पाच माणसे बोलवा: एक ऊसतोड करणारी बाई, एक कोरडवाहू शेतकरी, एक बारावीची विद्यार्थिनी, एक निवृत्त शिक्षक, एक कमी दिसणारा माणूस. त्यांच्याच मोबाइलवर पाच कामे द्या. विहिरीची योजना शोधा. गावाची अनुदान यादी काढा. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख सांगा. पणजोबांची नोंद आहे का पाहा. तक्रार कुठे करायची ते दाखवा. कोणी मदत करायची नाही. किती मिनिटे लागली ते लिहा आणि ते आकडे त्याच साइटवर लावा. कंत्राटदाराचे बिल त्यानंतरच निघावे. सरकारने पुन्हा कार्यालयांना गुण द्यायचे ठरवले तर सर्वांत जास्त गुण या परीक्षेला ठेवावेत.

नागरिकांनीही हे उपकार म्हणून मागू नये. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ सांगते की अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमित ठेवावेत, माहिती लोकांना सहज मिळेल अशा रीतीने व स्थानिक भाषा लक्षात घेऊन पसरवावी, आणि अर्ज करण्याची वेळच लोकांवर कमीत कमी यावी. अनुदानाच्या योजना कशा राबवल्या जातात आणि त्यांचे लाभार्थी कोण, हेही स्वतःहून जाहीर करायच्या १७ बाबींमध्ये आहे. त्या बाबी प्रसिद्ध करायला कायद्याने १२० दिवस दिले होते. ती मुदत ऑक्टोबर २००५ मध्ये संपली.